सेवा कुणाच्या रीतीने?

आपल्या कोल्हापूर भागात अर्धांगवायूला 'अंगावरून वारं गेलं' असे म्हणतात. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा बंद पडला, की शरीराची उजवी बाजू लुळी पडते. बोलण्याचे केंद्रही बहुतेकांच्या मेंदूत डावीकडेच असते, त्यामुळे पुष्कळदा हाताबरोबर वाचाही जाते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली वीसेक वर्षे शहरातल्या पेठांमधून आणि करवीर, पन्हाळा तालुक्यांतल्या गावांतून घरोघरी जाऊन असे रुग्ण पाहते. व्यायामाबद्दल मी अनेकदा बोलले आहे. आज मात्र एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करते. उजवा हात गेलेल्या म्हाताऱ्या माणसाने जेवायचे कसे?

डाव्या हाताने, असे कुणीही सांगेल. आमच्या पुस्तकांतही तेच लिहिलेले असते. चांगला हात वापरायला शिकवा, रुग्णाला लवकर स्वावलंबी करा. पण ही पुस्तके जिथे लिहिली गेली, तिथे माणसे काट्याचमच्याने जेवतात आणि शौचानंतर कागद वापरतात. आपल्याकडे डाव्या हाताचे काम वेगळे आहे. सत्तर-पंच्याहत्तर वर्षे ज्या हाताने शौच धुतले, तो हात ताटात घालायचा ही कल्पनाच आजींना सहन होत नाही. घास तोंडाजवळ नेला की त्या मान फिरवतात. वाचा गेलेली असते, म्हणून कारण सांगता येत नाही. फार तर 'नगं' एवढेच निघते. मग कागदावर नोंद होते, 'रुग्ण सहकार्य करीत नाही'. घरचे म्हणतात, आजीने अन्न सोडले. वजन उतरते, अंगातली ताकद जाते, व्यायाम थांबतो, पाठीला जखमा होतात. काही वेळा नाकातून नळी घालण्यापर्यंत गोष्ट जाते. म्हणजे मूळ दुखणे मेंदूतले असले तरी माणूस खचतो तो ताटापाशी.

यावर करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. पहिली गोष्ट, शौच धुण्याच्या कामातून डावा हात मोकळा करायचा. कमोडला पाण्याचा जेट बसवावा, किंवा ते काम सांभाळणाऱ्या बाईने हातमोजे घालून करावे. जेवणाआधी आजींच्या डोळ्यांदेखत तो हात साबणाने नीट धुवावा. हे धुणे जंतूंसाठी जितके असते तितकेच त्यांच्या मनासाठी असते. जाड मुठीचा चमचा द्यावा. चमच्याच्या दांड्याला सुती कापडाची पट्टी गुंडाळली तरी चालते. आणखी एक युक्ती मी नेहमी सांगते. लुळ्या उजव्या हाताच्या मनगटाला डाव्या हाताने खालून आधार द्यायचा आणि उजवा हातच तोंडाकडे न्यायचा. त्याने उजव्या हाताला आपोआप व्यायाम होतो आणि आजींना आपण उजव्या हाताने जेवतो आहोत असे वाटते. एवढे करूनही ज्यांना जमत नाही, त्यांना दुसऱ्याने भरवावे. स्वावलंबन चांगलेच, पण पोट भरणे त्याहून आधी.

अशा गोष्टींकडे आपण 'म्हाताऱ्यांचे हट्ट' म्हणून पाहतो. जगात एका देशात मात्र त्याकडे परिचारिकांच्या शिक्षणाचा भाग म्हणून पाहिले गेले. तो देश न्यूझीलंड. तिथले मूळ रहिवासी माओरी. आज त्यांची संख्या तिथल्या लोकसंख्येत साधारण सहात एक आहे. इस्पितळे, वृद्धाश्रम, नर्सिंगची शाळा, सगळे इंग्रजी वळणाचे. माओरी लोकांत डोके हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग. त्याला 'तापू' म्हणतात, आणि अन्नाचा व तापू असलेल्या गोष्टींचा संबंध येऊ द्यायचा नाही असा नियम. म्हणून डोक्याखालची उशी पायाखाली घ्यायची नाही, कंगवा जेवणाच्या टेबलावर ठेवायचा नाही, अंग पुसायचा आणि भांडी पुसायचा कपडा एकत्र धुवायचा नाही. हे ऐकताना आपल्याला नवल वाटत नाही. उशीला पाय लागला की आपणही हात लावून कपाळाला लावतोच. पण गोऱ्या परिचारिकेला हे ठाऊक नसे. ती सवयीने जेवणाच्या ट्रॉलीवर शौचाचे भांडे ठेवून जाई, आणि माओरी म्हातारा त्या ट्रॉलीवर आलेले जेवण घेत नसे. पुन्हा तेच, रुग्ण सहकार्य करीत नाही.

इरिहापेती रॅम्सडेन नावाच्या एका माओरी परिचारिकेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस यावर विचार मांडला. त्याला 'सांस्कृतिक सुरक्षितता' असे नाव मिळाले. १९९२ मध्ये न्यूझीलंडच्या नर्सिंग कौन्सिलने तो अभ्यासक्रमात घेतला. रॅम्सडेनबाईंचे म्हणणे मोठे नेमके होते. सेवा नीट झाली की नाही हे सेवा देणाऱ्याने ठरवायचे नाही, ती घेणाऱ्याने ठरवायचे. आणि परिचारिकेने माओरींच्या चालीरीतींची यादी पाठ करण्यापेक्षा आधी स्वतःच्या सवयी आणि स्वतःचे पूर्वग्रह ओळखावेत. त्याच सुमारास, १९८४ मध्ये, मेसन ड्युरी या माओरी मानसोपचारतज्ज्ञाने आरोग्याला घराची उपमा दिली. घराला चार भिंती: शरीर, मन, आत्मा आणि कुटुंब. एक भिंत खचली तरी घर उभे राहत नाही. आमच्या क्षेत्रात बहुतेक वेळा एकाच भिंतीची डागडुजी चाललेली असते, हे मी अनुभवाने सांगते.

आता कुणी म्हणेल, माओरींची गोष्ट वेगळी. तिथे सेवा करणारे परके होते. आपल्याकडे आजी मराठी, सांभाळणारी बाई मराठी, डॉक्टरही मराठी. मग अडचण कुठे? अडचण अशी, की माणसे आपली असली तरी पद्धत पुष्कळदा उसनी असते. खाटेची उंची, खुर्ची, वॉकर, कमोड, व्यायामाचे तक्ते, सगळे खुर्चीवर बसणाऱ्या समाजासाठी घडवलेले. आपली म्हातारी माणसे जमिनीवर बसून जेवली, भाजी चिरली, पूजा केली, पत्ते कुटले. त्यांना 'आता खाली बसायचे नाही' असे सांगितले की निम्मे आयुष्य त्यांच्या हातून जाते. गुडघ्यांमुळे ते सांगावे लागते हे खरे. पण मग फूटभर उंचीचा चौरंग करता येतो का, देवघर भिंतीवर कंबरेएवढ्या उंचीला नेता येते का, हा विचार त्याच वेळी करायला हवा. तो क्वचितच होतो.

ही गोष्ट आपल्या देशात एका कारागिराने फार पूर्वी ओळखली होती. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात १९६० च्या दशकाच्या अखेरीस रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 'जयपूर फूट' तयार केला. त्याआधीचा परदेशी पद्धतीचा कृत्रिम पाय बुटाशिवाय वापरता येत नसे. पण बूट घालून देवळात जाता येत नाही, स्वयंपाकघरात जाता येत नाही, शेताच्या चिखलात उतरता येत नाही. त्या पायाने उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे. म्हणून लोक तो पाय घरी कोपऱ्यात ठेवून कुबड्यांवर चालत. शर्मा फारसे शिकलेले नव्हते, पण हात कलाकाराचा होता. रबराचा, अनवाणी चालता येईल, पाण्यात भिजला तरी चालेल, मांडी घालता येईल असा पाय त्यांनी घडवला. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला या पायात विज्ञानाइतकेच निरीक्षण दिसते. इथला माणूस दिवसभर काय करतो, हे कुणीतरी नीट पाहिले होते.

पण 'आपली संस्कृती' म्हणून एक तक्ता करावा आणि तो प्रत्येक घरात टांगावा, असेही नाही. सुरुवातीला मी डाव्या हाताबद्दल जे सांगितले, ते गडहिंग्लजकडच्या एखाद्या लिंगायत घरात गेले की वेगळे होते. लिंगायत माणूस इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतो. डावी बाजू लुळी पडली, की अशा आजोबांचे जेवण अडत नाही, पूजा अडते. त्यांना चमच्याचा व्यायाम शिकवून काय उपयोग? त्यांचा डावा तळहात उघडा, स्थिर आणि सरळ राहावा यासाठी हाताखाली लाकडी आधार करून दिला, बोटे मोकळी करण्याचे व्यायाम पूजेच्या वेळेशी जोडले, तर ते दिवसातून दोनदा न सांगता व्यायाम करतात. अंघोळ घालताना त्यांच्या गळ्यातले इष्टलिंग न विचारता काढून खुंटीला अडकवणे हा त्यांच्या लेखी केवढा अपमान असतो, हे बाहेरून आलेल्या माणसाच्या लक्षातही येत नाही.

आपल्या जिल्ह्यात जैन समाज मोठा आहे. अनेक वयस्कर जैन माणसे सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाहीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र 'रात्री जेवणानंतर' असे लिहिलेले असते. आजी वाद घालत नाहीत. गोळी हातात घेतात आणि उशीखाली ठेवतात. रक्तदाब का उतरत नाही म्हणून डोस वाढत जातो. सूर्यास्तापूर्वी गोळी घेतली तर चालेल का, एवढा प्रश्न आधी विचारला असता तर अनेक औषधांच्या बाबतीत डॉक्टरांनी वेळ बदलून दिली असती. मुस्लिम घरात खाट कोणत्या दिशेला तोंड करून ठेवली आहे याला महत्त्व असते. बसून किंवा पडून नमाज पढता येते. पण वजूसाठी पाणी हाताशी लागते आणि लघवीची पिशवी लावलेल्या माणसाच्या मनात पाकीबद्दल शंका असते. तिथे मी काही सांगत नाही. त्यांच्या माहितीतल्या मौलानांशी बोलून घ्या, असे घरच्यांना सुचवते. एकादशीचा उपास आणि इन्शुलिन ही जोडी तर घरोघरची. ती डॉक्टरांपासून लपवू नये, एवढेच म्हणते.

कपड्यांचे एक वेगळेच प्रकरण आहे. अंथरुणाला खिळलेल्या बाईला आपण सोयीसाठी गाऊन चढवतो. जन्मभर नऊवारी नेसलेल्या बाईला गाऊनमध्ये उघडे वाटते. मुलगा खोलीत आला की ती पांघरूण ओढून घेते. जावई भेटायला आला की डोळे मिटून झोपेचे सोंग घेते. गल्लीतल्या शिंप्याकडून जुन्या लुगड्याचेच, मागून उघडणारे, कडेला चिकटपट्टी लावलेले वस्त्र शिवून घेता येते. डायपर बदलायला दोन मिनिटे जास्त लागतात, हे खरे. ती दोन मिनिटे कुणाची, एवढाच प्रश्न आहे.

विस्मरणाच्या आजाराची चाचणी घेतानाही हा गोंधळ होतो. 'आज तारीख किती?' असे विचारतात. आजी म्हणतात, 'काल अमावस्या झाली.' उत्तर चूक धरले जाते. वास्तविक ज्यांनी आयुष्य तिथीवर काढले त्यांना तारीख कधीच माहीत नव्हती, आणि तिथी बरोबर सांगता येणे ही शाबूत मेंदूची खूण आहे. हरियाणातल्या बल्लभगड भागात संशोधन करताना हीच अडचण आली. तेव्हा न शिकलेल्या ग्रामीण वृद्धांसाठी हिंदीतून वेगळी चाचणी तयार करण्यात आली. ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या शिरोळ, गडहिंग्लज भागात घरात कानडी बोलणारी कुटुंबे आहेत. त्या घरातल्या आजोबांची चाचणी मराठीत घेऊन 'यांना समजत नाही' असा निष्कर्ष काढू नये.

आता एक अवघड गोष्ट बोलायला हवी. रीतीभाती सांभाळा असे म्हटले, की काही घरांतून एक मागणी हमखास येते. 'ब्युरोला सांगा, बाई आमच्यातली पाहिजे.' हे मी मानत नाही. आजींना अंघोळ घालायला पुरुष नको, बाईच हवी, ही मागणी रास्त आहे. ती पूर्ण व्हायलाच हवी. पण बाईची जात विचारणे हा आजींच्या संस्कृतीचा मान राखणे नव्हे. जी बाई रात्री तीन वाजता उठून तुमच्या आईचे अंथरूण बदलते, तिचा चहाचा कप वेगळा ठेवला जातो, हे मी या शहरात पाहिले आहे. हे शहर राजर्षी शाहू महाराजांचे. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना महाराजांनी याच गावात चहाचे दुकान काढून दिले आणि तिथे स्वतः जाऊन चहा घेतला. म्हणून मी घरच्यांना सरळ सांगते, आजींची पूजा, पथ्य, कपडे, वेळा सगळे बाईला शिकवा. बाई मात्र आजी निवडतील ती जातीवरून नाही. आजी विरोध करतात का? पहिले काही दिवस करतात. हाताला हात लागून महिना झाला की पुष्कळ घरांत आजी त्याच बाईची वाट बघत बसतात. काही घरांत शेवटपर्यंत कटकट राहते, हेही सांगितले पाहिजे.

कोल्हापूरला अपंगत्वाची ओळख तशी जुनी आहे. नसीमा हुरजूक यांनी, स्वतः व्हीलचेअरवर असताना, १९८४ मध्ये इथे 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन अनेकांनी वाचले असेल. त्यामुळे व्हीलचेअरवरून शाळेला, कामाला जाणारी तरुण माणसे या शहराने पाहिली. म्हातारपणी अपंग झालेला माणूस मात्र व्हीलचेअरला घाबरतो. 'मी काय लंगडा हाय?' असे म्हणतो आणि घरात कोंडून घेतो. अशा आजोबांना खुर्चीवर बसवून एकदम बागेत नेऊ नये. त्यांची जागा ठरलेली असते. कुणाचा तालमीचा कट्टा, कुणाचे विठ्ठल मंदिर, कुणाचा गंगावेशीतला दूध कट्टा. एका जुन्या पैलवानांना मी तीन महिने हात वर करायला सांगत होते. ते एका तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसू लागल्यावर, ओळखीची पोरे पाया पडायला वाकली की आशीर्वादासाठी त्यांचा हात आपोआप वर जाऊ लागला.

सरकारी मदतीबद्दल थोडक्यात सांगते. अपंगत्वाचा दाखला म्हातारपणीही मिळतो, त्याला वयाची वरची मर्यादा नाही. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात पार्किन्सनचा समावेश आहे, विस्मरणाच्या आजाराचे नाव स्वतंत्रपणे नाही. राष्ट्रीय वयोश्री योजनेतून २०१७ पासून गरजू ज्येष्ठांना काठी, वॉकर, श्रवणयंत्र, व्हीलचेअर अशा वस्तू दिल्या जातात. राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तीत पासष्ट वर्षांवरील पात्र व्यक्तींसाठी एकदाच ३,००० रुपयांची तरतूद आहे. मुले सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. या सगळ्यातून वस्तू मिळतात, पैसे मिळतात. रोज हात लावणाऱ्या माणसाला शिकवण्याची सोय मात्र आपल्याकडे फारच तोकडी आहे, आणि घरोघरी जाणाऱ्या बायका एकमेकींकडे बघूनच शिकतात.

तोवर घरच्यांनी एक करावे. नवी बाई कामावर येण्याआधी एक कागद घ्यावा आणि आजी-आजोबांना विचारून तो भरावा. बोलता येत नसेल तर त्यांच्या भावंडांना, जुन्या शेजाऱ्यांना विचारावे. मुलांना वाटते आपल्याला सगळे ठाऊक आहे, पण आईला अंघोळीचे पाणी किती कढत लागते हे पुष्कळ मुलांना सांगता येत नाही. सकाळी आधी चहा की आधी देव? भाकरी दुधात कुस्करून की आमटीत? ठसका लागत असेल तर पांढरा रस्सा पातळ देऊ नये, ज्वारीच्या कण्या किंवा मऊ भात द्यावा, हेही तिथेच लिहावे. अंगावरची कोणती वस्तू कधीच काढायची नाही? सूर्यास्तानंतर काय चालते? कोणत्या भाषेत बोललेले लवकर समजते? कुणासमोर कपडे बदलायचे नाहीत? आणि हाक काय मारायची: आक्का, आबा, तात्या, अम्मा, की नुसते मास्तर? कागद उशाशी भिंतीला चिकटवावा, अक्षर मोठे असावे. शेजारी दोरीने एक पेन्सिल बांधून ठेवावी, कारण पंधरा दिवसांत त्यातल्या चार गोष्टी बदलतात.